पाठमोऱ्या बाई

मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी सूर्य बुडताना बघायला माणसं जमतात. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. बाई मात्र त्यांच्यासमोर, समुद्राकडे पाठ करून बसायच्या. हातात भाजक्या शेंगांची पुडी, डोक्याला सुती रुमाल, पायांत पुरुषी चपला आणि नजर समोरच्या माणसांच्या तोंडांवर. नवख्याला वाटायचं, म्हातारी घरच्यांवर रुसून इथे येऊन बसली आहे. एकदा सुट्टीला आलेल्या एका गृहस्थाने त्यांना भल्या मनाने सांगितलंसुद्धा, "आजी, सूर्य तिकडे आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या चष्म्यात दिसतोय."

तो गृहस्थ चष्मा काढून पुसायला लागला.

मी त्यांच्याबरोबर तिथे पुष्कळदा गेलो. शेजारी बसलं की आपण नक्की कुठे बघायचं, हे मला कधीच ठरवता आलं नाही. समुद्राकडे बघावं तर बाईंना वाटणार याला काही कळत नाही. माणसांकडे टक लावावी तर माणसं चिडणार. मग मी शेंगा सोलत बसायचो. आज बाईंबद्दल लिहायला बसलोय तरी अवस्था साधारण तीच आहे.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका केबल चॅनेलवर कॅमेरा चालवायचो. गणपतीच्या आरत्या, शाळांची गॅदरिंगं, पुढाऱ्यांचे सत्कार असलं काम. पुढे मोबाईलवरून लाइव्ह दाखवायची सोय झाली तेव्हा गावोगावच्या पालख्या आणि उत्सवही दाखवायला लागलो. बाई या लाइव्हच्याच मागावर आमच्याकडे आल्या. त्या मानववंशशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. मूळच्या विदर्भातल्या, नोकरी मुंबईत झालेली, लग्न केलेलं नव्हतं. टीव्ही आणि मोबाईल घरात आल्यावर माणसांचं आणि देवाचं काय होतं, यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. चॅनेलवर चौकशीला आल्या, खोली कुठे मिळेल असं विचारलं, आणि मी आमच्या घरामागच्या दोन खोल्या दाखवल्या. त्या राहायला आल्या त्या दिवशी आईने त्यांना चहा दिला आणि विचारलं, "मानववंशशास्त्र म्हणजे वंशावळ काढतात ते का हो?"

"थोडंफार तसंच," बाई म्हणाल्या.

"मग आमचं मूळ कुलदैवत कुठलं ते सांगा बघू. ह्यांच्या घरात दोन सांगतात."

बाईंनी काही सांगितलं नाही. उलट त्यांनीच विचारायला सुरुवात केली. पहिलं कोण सांगतं, दुसरं कोण सांगतं, लग्नाच्या पत्रिकेत कुठलं छापता, भीती वाटली की तोंडात कुठलं नाव येतं. संध्याकाळपर्यंत आईचा गोंधळ इतका वाढला, की दोनाची तीन दैवतं झाली. तिने खबरदारी म्हणून पुढच्या सणाला तिघांनाही नैवेद्य दाखवला.

आमच्याकडे रोज सकाळी टीव्हीवर एका मोठ्या देवळातली आरती लागायची. आई आंघोळ करून, ओलेत्या केसांना पंचा गुंडाळून टीव्हीसमोर उभी राहायची. आरती संपली की पडद्याला हळद-कुंकू लावायची. मी रात्री बातम्या बघायचो तेव्हा निवेदकाच्या कपाळावर कुंकू असायचं. बाई हे बघायला रोज यायच्या आणि अर्थातच टीव्हीकडे पाठ करून, आईकडे तोंड करून खुर्ची टाकायच्या. आईने बरेच दिवस सहन केलं. मग एकदा भर आरतीत म्हणाली, "बाई, तुम्ही अशा मधे बसता, देवाला मी दिसत नाही."

बाई ताडकन उठल्या. "काय म्हणालात?"

आई गडबडली. "म्हणजे... मला देव दिसत नाही, असं म्हणायचं होतं."

"नाही, नाही! दुरुस्त करू नका! पहिलं म्हणालात तेच!"

आईला काही कळेना. आपण असं कसं बोललो म्हणून ती दिवसभर हिरमुसली होती. त्या टीव्हीतून देव आपल्याला बघतो असं आपल्याला वाटतं की नाही, हे तिने मलाच येऊन विचारलं. मी म्हटलं, तुला काय वाटतं ते मला कसं माहीत असणार? ती म्हणाली, "तू तर त्याच धंद्यात आहेस ना?" दुसऱ्या दिवसापासून मात्र बाईंनी खुर्ची बाजूला सरकवली. आई साडी बदलून आरतीला यायला लागली.

बाईंचे प्रश्न हे असे असायचे. त्यांना काही विचारायचं नसायचं असं वाटायचं, आणि मग घास तोंडात असताना प्रश्न यायचा. माझ्या मोबाईलच्या पडद्यावर गणपतीचा फोटो होता. एकदा जेवताना म्हणाल्या, "फोन तू पँटच्या मागच्या खिशात ठेवतोस, नाही का?"

"हो."

"मग बसतोस तेव्हा?"

इतकी वर्षं मी गणपतीवर बसत होतो आणि कधी मनातही आलं नव्हतं. मी फोन तिथल्या तिथे काढून शर्टाच्या खिशात ठेवला. ते बघून बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "बदललंस? मी विचारलं म्हणून बदललंस! आता मला काय कळणार?"

"परत मागे ठेवू का?"

"आता परत ठेवलास तरी तो आधीचा खिसा नाही."

त्या खरोखर दुःखी झाल्या होत्या. आपल्या विचारण्याने माणसं बदलतात याचा त्यांना फार त्रास व्हायचा, आणि विचारल्याशिवाय राहवायचंही नाही. रिक्षात बसल्या की आरशावरच्या देवांबद्दल विचारायच्या आणि उतरल्यावर हळहळायच्या, की आता तो उद्या एक देव कमी तरी करील नाहीतर वाढवील तरी.

एकदा धीर करून मी विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः देव मानता का?"

"तो माझा प्रश्न नाही."

"मग कोणाचा?"

"विचारलंस तू. म्हणजे तुझा."

यावर काय बोलायचं? पण त्यांच्या खोलीत देवाची तसबीर नव्हती हे खरं, आणि कोणाच्या घरी आरती लागली की त्या चपला काढून उभ्या राहायच्या हेही खरं. घरातल्यांनी काढल्या म्हणून मी काढल्या, असं त्या म्हणत. रिकाम्या देवळातसुद्धा त्या चपला काढून जायच्या. तिथे कोणी नसायचं. तेव्हा त्या कोणाचं बघून काढायच्या, हे विचारायचं माझं राहून गेलं.

त्या वर्षी शिमग्याला संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावाची पालखी लाइव्ह दाखवायचं काम आमच्याकडे आलं. गावातली निम्मीअधिक माणसं मुंबईला. पुष्कळांना रजा मिळाली नव्हती, तेव्हा निदान मोबाईलवर तरी पालखी दिसावी असं त्यांनी कळवलं होतं. गावातल्या जुन्या मंडळींना ते पटेना. शेवटी देवीलाच विचारायचं ठरलं. बाईंना घेऊन आम्ही गेलो त्या दिवशी देवळातल्या गुरवकाकांनी कौल लावला. देवीच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला फुलाची एकेक पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठल्या बाजूची पाकळी पडते ते बघायचं. उजवी पडली तर होकार.

बाईंनी आधी गुरवकाकांना गाठलंच. "लाइव्ह म्हणजे काय, हे देवीला कळतं का?"

गुरवकाकांनी त्यांच्याकडे दयेने बघितलं. "न कळायला काय झाला? ती काय माणूस हाय?"

पहिला प्रश्न झाला: पालखी मोबाईलवर दाखवावी का? उजवी पाकळी पडली. सगळ्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्या मानकऱ्याने शंका काढली, की दाखवा, पण जो मुंबईत बसून बघेल त्याला दर्शन घडलं असं धरायचं की नाही? त्याने पुन्हा नारळ द्यायला गावी यायचं की नाही? पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा गाऱ्हाणं झालं. सगळे "होय महाराजा" म्हणाले आणि बघत बसले. कुठलीच पाकळी हलेना. गुरवकाका म्हणाले, "इचार करत्येय ती." बऱ्याच वेळाने दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

सगळे गुरवकाकांच्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांनी पाकळ्या उचलल्या, कपाळाला लावल्या आणि म्हणाले, "ज्याचा त्याने बघायचा."

बाई परतताना गाडीत तेच घोकत होत्या. ज्याचा त्याने बघायचा. मी म्हटलं, म्हणजे काय पण? त्या म्हणाल्या, "मला कळलं असतं तर मी एवढ्या लांब आले असते का?"

पालखी सहाणेवर नाचवायच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. सहाण म्हणजे पालखी बसवायचा कट्टा. त्याच्या पुढ्यात मोकळं अंगण, तिथे सगळा गाव गोल करून उभा. ढोल चढत चालले होते. मी एका बाकावर उभा राहून कॅमेरा लावला. दोघांच्या खांद्यावर पालखी नाचायला लागली. पालखी अंगात आल्यासारखी ओढत नेते, आपण नेत नाही, असं खांदेकरी सांगतात. पुरून ठेवलेला नारळही ती शोधून काढते. बाई रिंगणाच्या आतल्या कडेला उभ्या होत्या आणि सवयीप्रमाणे पालखीकडे पाठ, गर्दीकडे तोंड.

तोच म्हातारा मानकरी जवळ जाऊन म्हणाला, "बाय, देवीला पाठ दाखवू नये."

"मी तुमच्याकडे बघत्येय," बाई म्हणाल्या. त्यांना तो खुलासा पुरेसा वाटला असावा.

पालखी दोनदा त्यांच्या बाजूला आली आणि परत गेली. मग एकदा अशी आली की पुढचा खांदेकरी जवळजवळ धावत होता, मागचा घसरत होता, आणि कॅमेऱ्यातून बघताना मला वाटलं आता बाई पडणार. पालखी त्यांच्या मागे येऊन थांबली. आदळली नाही. लहान मूल आईच्या पाठीला येऊन टेकतं तशी टेकली. खांदेकऱ्यांनी तिला मागे घ्यायचा प्रयत्न केला. हलेना. ढोल थांबले.

सगळा गाव बाईंकडे बघत होता. आणि बाई गावाकडे.

गुरवकाका नारळ घेऊन पुढे आले. "हे महाराजा, ही बाय परमुलखातली, तिला आमची रीत ठावकी नाय..." असं काहीबाही गाऱ्हाणं त्यांनी घातलं. मग हळूच म्हणाले, "बाय, आता फिरा. माय भेटायला आलीय तुम्हाला."

बाई फिरल्या नाहीत. का फिरल्या नाहीत ते मला सांगता येत नाही. हट्टाने उभ्या होत्या असं वाटलं नाही, घाबरल्या होत्या असंही नाही. मी त्यांचा चेहरा कॅमेऱ्यात जवळ घेतला. त्यांचे ओठ हलले. काहीतरी बोलल्या. मग पालखी जशी आली तशी निघून गेली, ढोल सुरू झाले, आणि बाई तिथेच मटकन खाली बसल्या.

परतताना मी विचारलं, "तेव्हा काय बोललात?"

"मी? काही नाही."

"ओठ हलले तुमचे."

"मग 'थांबा' म्हटलं असेन." थोड्या वेळाने म्हणाल्या, "कोणाला म्हटलं असेन पण?"

त्यांनी निघण्याआधी दोन्ही खांदेकऱ्यांना गाठलं होतं. पुढचा मुंबईत एका ऑफिसात शिपाई होता. तो म्हणाला, मी नाय आणली, मागच्याने लोटली असेल. मागचा गावातलाच शेतकरी. तो म्हणाला, मी कुठला, पुढच्याने ओढली. बाईंनी घरी आल्यावर काड्यापेटीला दोन्हीकडून दोन बोटं लावून मला समजावून सांगितलं. दोघेही वजन सावरत असतात, प्रत्येकाला वाटतं दुसरा नेतोय, आणि मग ती कोणीच न नेता चालते. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं समाधान झालं. काड्यापेटी टेबलावर सरकत सरकत कडेला आली. बाईंनी बोटं काढून घेतली आणि म्हणाल्या, "ते झालं. पण माझ्याकडेच का?"

दोन दिवस गावात बाईंच्या नावाने आग होती. देवी भेटायला आली आणि ही बया फिरलीसुद्धा नाही. गावकीची बैठक लावायची, बाईंना बोलावून देवीपुढे नारळ ठेवायला लावायचा, असं ठरत होतं. बाई त्याला तयार होत्या. पण तेवढ्यात मुंबईतल्या कोणा पोराने आमच्या लाइव्हमधला तो तुकडा कापून घेतला, संथ केला, त्याला सनईचा आवाज लावला आणि वर लिहिलं: "देवी पाठीशी उभी राहते ती अशी!"

झालं. एका ओळीने सगळं फिरलं. पाठ दाखवली हा अपमान राहिला नाही, देवी पाठीशी उभी राहिली असा त्याचा अर्थ झाला. तो तुकडा या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला. तालुक्यातून जिल्ह्यात गेला. आमच्या आईला तो तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, आणि बाई आपल्याच मागच्या खोलीत राहतात हे ठाऊक असून तिने तो मला दाखवायला आणला. "बघ रे, कोण गो बाई ही पुण्यवान!" म्हणाली. मी म्हटलं, आई, ह्या आपल्या बाई. ती म्हणाली, "ते कळतं मला. पण इथे बघताना वेगळ्याच वाटतात."

गावकीची बैठक झाली ती बाईंना शाल-श्रीफळ देण्यासाठी. तो म्हातारा मानकरी सगळ्यांत पुढे होता.

मग माणसं आमच्या घरी यायला लागली. आधी शहरातली, मग बाहेरगावची. बाई त्यांना ओसरीवर बसवून काड्यापेटी काढायच्या. माणसं शांतपणे ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि बाई पाणी आणायला आत वळल्या की पटकन पुढे होऊन त्यांच्या पाठीला हात लावून घ्यायची. बाई खुर्ची भिंतीला चिकटवून बसायला लागल्या. मग लोक भिंतीच्या पलीकडून पाया पडायचे. एकदा मी आईलाच पकडलं. बाई वाकून तुळशीला पाणी घालत होत्या आणि आई मागून बोटं टेकवून ती कपाळाला लावत होती.

"अगं, तू पण?"

"मी मुद्दाम नाही केलं," आई म्हणाली. "हात गेला." आणि तिच्या चेहऱ्यावर तोच गोंधळ होता, आरतीच्या दिवशीचा.

बाईंचं काम बंद पडलं. जेटीवर बसल्या की समोरची माणसं सूर्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघायची. कोणाला काही विचारावं तर तो आधी नमस्कार करायचा. त्यातच पुण्याहून त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तोही आता प्राध्यापक होता. त्याला या प्रकरणावर अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी बाईंची मुलाखत हवी होती. पालखी टेकली त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं, असं त्याने विचारलं.

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "मागच्याने लोटली असेल." आणि फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझेच प्रश्न मला विचारतो. आणि चांगले विचारतो रे."

त्यानंतर महिनाभराने असेल, दुपारच्या वेळी एक बाई आली. काळीसावळी, काटक, पन्नाशीची, काष्टा घातलेली. दापोलीकडून, बुरोंडीहून दोन एसट्या बदलून आली होती. मासळी विकणारी. तिचा मुलगा आखातात बोटीवर कामाला होता आणि तिथल्या इस्पितळात पडला होता. ताप उतरत नव्हता. डॉक्टर कोणती भाषा बोलतात तेही तिला समजत नव्हतं. मुलाचा एक सोबती तिथे फोन धरून उभा राहायचा, तेवढंच बघणं. बाईंनी पाणी दिलं, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि या वेळी काड्यापेटी काढली नाही.

"ताई, मी खोटं सांगत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्यात काही नाही हो."

"तुमच्यात हाय असा मी कुठं म्हणत्ये?" ती म्हणाली. "तुमच्यात नसूं दे. पाठीला लागलीय ना ती?"

त्या बाईने पदरात गुंडाळलेला मोबाईल काढला आणि मुलाच्या सोबत्याला व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ वाजला, मग लागला. पडद्यावर पांढरी उशी आणि उशीवर एक दाढी वाढलेलं तोंड. त्याला काचेच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, सोबती काचेबाहेरून दाखवत होता, त्यामुळे धुरकट दिसत होतं. "आये," असा आवाज आला.

"बाय, जरा पाठमोऱ्या उभ्या रहा. माझ्यासाठी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? माझ्याकडे कॅमेरा नव्हता, माझे हात मोकळे होते, आणि त्यांचं काय करायचं तेही मला सुचत नव्हतं. बाई उठल्या. ओसरीच्या मधे येऊन तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तिने फोनचा पडदा पदराने पुसला आणि बाईंच्या पाठीवर दाबून धरला. फोनमधून आवाज येत होता, "आये, काय दिसत नाय. आये?" ती म्हणाली, "गप रव जरा. मी हाय."

किती वेळ गेला ते मला कळलं नाही. बाईंच्या समोर नुसती भिंत होती. बघायला कोणाचं तोंड नव्हतं. त्या डोळे मिटून उभ्या होत्या की उघडे ठेवून, ते मी जिथे उभा होतो तिथून दिसत होतं, आणि तरी आज मला आठवत नाही.

ती गेल्यावर बाईंनी विचारलं, "त्याला काय दिसलं असेल?"

"काळोख. फोनचा कॅमेरा पाठीला दाबलेला होता."

"हं," त्या म्हणाल्या. मग एकदम उठून फाटकापर्यंत धावल्या. पण ती बाई वळणावरून दिसेनाशी झाली होती. समोरच्या माणसाचं नाव, गाव, वय, घरात कोण कोण असतं हे सगळं पहिल्या पाच वाक्यांत विचारणाऱ्या बाईंनी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

पुढे बाई रत्नागिरीत फार दिवस राहिल्या नाहीत. दिवाळीच्या सुमाराला त्या नागपूरला भाचीकडे गेल्या. त्यांचं पुस्तक झालं नाही. मी फोनवर विचारलं की म्हणायच्या, लिहिते आहे, पण कोणाच्या बाजूने लिहायचं ते ठरत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांच्या भाचीने त्यांचा अंत्यविधी लाइव्ह दाखवला होता. आई आणि मी इथे बसून बघितला. आईने फोनपुढे हात जोडले, आणि मीही.

पण बाई नागपूरला जायच्या आधी, श्रावणात, बुरोंडीची ती बाई परत आली होती. मी घरीच होतो. ती फाटकातून आली तेव्हाच तिच्या चालण्याकडे आणि उतरलेल्या तोंडाकडे बघून काहीतरी झालंय ते समजलं. बाईंनाही समजलं. त्या उभ्या राहिल्या त्या बसेचनात.

"गेला," ती ओसरीच्या पायरीवर बसत म्हणाली. "तुमच्याकडनं गेल्ये त्याच्या तिसऱ्या दिवशी. मग आणला त्याला. गावातच पोचवला."

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला त्या दिवशी..."

"व्हय, तुम्ही सांगितलात. तुम्ही खोटा नाय बोललात." तिने पदराने मान पुसली. "तुम्ही मनाला लावून घेव नका. येवढाच सांगायला आल्ये. मोबायलवर आता आमच्या गावातली कोणकोण काय लिवतात. देवी पाठीशी नव्हतीच म्हणून. मला वाटला, तुम्ही वाचत असाल."

आईने आतून चहा आणला. ती बशीत ओतून प्यायली. मग तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, "बाय, एक इचारू? त्या दिवशी फोन पाठीला लावला, तेवा तुम्हाला काय लागला?"

कोणी काही विचारलं की बाई नेहमी आधी प्रश्नालाच प्रश्न करायच्या. या वेळी त्यांनी तसं केलं नाही. त्या आठवायला लागल्या. अगदी मन लावून.

"ऊब लागली," त्या म्हणाल्या. "फोन तापला होता."

"तापला व्हता ना?"

"हो. कॉल बराच वेळ चालू असला, की फोन..." आणि बाई थांबल्या.

ती बाई पायरीवरून उठली होती. "त्याला तापच व्हता," ती म्हणाली. "काचेच्या आत ठेवलेला. मला हात लावाय मिळाला नाय. आणला तेवा गार व्हता." ती पुढे आली. "तुम्हाला लागला. बरा झाला. कोणाला तरी लागला."

मी आईकडे बघितलं. आई रिकामा कप हातात घेऊन उभी होती. बाईंकडे बघायचं माझं धाडस झालं नाही. आता त्या तिला समजावतील, बॅटरी कशी तापते ते सांगतील असं मला वाटलं, आणि त्यांनी ते सांगू नये असंही वाटलं.

बाईंनी काही सांगितलं नाही. त्या तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ती मागे आली आणि तिने आपला तळवा त्यांच्या पाठीवर ठेवला.

"तिथे नाही," बाई म्हणाल्या. "जरा वर."

तिने हात सरकवला.

"डावीकडे थोडा. हं. तिथे होता."